मावशीचे बांधलेले हात

माझी मावशी शिकवत असताना तिला कुणी पहिल्यांदा पाहिलं, तर हिला अटक झाली आहे अशीच त्याची समजूत व्हावी. टेबलावर जुना लॅपटॉप, त्याच्यासमोर घामाघूम झालेलं एखादं वयस्क माणूस, आणि शेजारच्या स्टुलावर ताठ बसलेली मावशी. दोन्ही हात पाठीमागे, मनगटांना तिच्याच ॲप्रनच्या नाड्यांचा वेढा. तोंडाने मात्र शांतपणे चाललेलं असतं, "हं, आता तो बाण वर न्या. अजून वर. गेला कुठे? शोधा की. तुमचाच आहे तो, जाऊन जाऊन जाणार कुठे?"

नाड्या बांधायचं काम शिकणाऱ्याचं. तोच पहिला धडा. माणूस आत आला की मावशी त्याच्याकडे पाठ करते, हात मागे घेते आणि सांगते, "बांधा. घट्ट बांधा. सैल राहिलं तर मीच सगळं करून टाकीन आणि तुम्ही नुसती मान डोलवाल." माणूस आधी संकोचतं, मग हसतं. आणि जो हसला त्याची निम्मी भीती तिथेच गेलेली असते, हे मी दोन वर्षं रोज बघते आहे.

आज हे सगळं लिहायला बसले आहे कारण गेल्या गुरुवारपासून मला दुसरं काही सुचतच नाही. भेटेल त्याला सांगत सुटले आहे. दूधवाल्याला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, एकदा चुकीचा नंबर लागला त्या बाईलाही सांगितलं. तिने फोन ठेवला नाही, शेवटपर्यंत ऐकलं!

तर मावशी. तेहतीस वर्षं तिने हॉस्पिटलच्या ड्रेसिंगच्या खोलीत काढली. जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्ट्या बांधायच्या. म्हणून आमच्या वसाहतीत ती 'पट्टीवाली मावशी'. नव्या मुली तिच्या हाताखाली शिकायला येत आणि त्यांच्या हातून पट्टी जरा सुटली की हिचे हात आपोआप पुढे. एकदा मोठ्या सिस्टरने सगळ्यांदेखत सुनावलं, "तू शिकवत नाहीस. तू करून दाखवतेस आणि कौतुक करून घेतेस." मावशीला ते इतकं झोंबलं की दुसऱ्या दिवशी तिने शिकाऊ मुलीकडूनच स्वतःचे हात बांधून घेतले. तेव्हापासूनची ही रीत.

मी तिच्या अगदी उलट. मी तापट, घायकुती, आणि आपल्याला सगळं येतं असा माझा जन्मजात समज. वसाहतीतली माणसं माझ्याकडे घडी घातलेले कागद घेऊन यायची. डॉक्टरांची वेळ इंटरनेटवर, विजेची तक्रार इंटरनेटवर, पेन्शनीचा दाखलासुद्धा इंटरनेटवर. "तेवढं जरा भरून दे गं." मी खटाखट भरून द्यायची आणि 'पोरगी हुशार आहे हो' ऐकत रुबाबात घरी यायची. मावशीने महिनाभर पाहिलं आणि एक दिवस शांतपणे म्हणाली, "तू त्यांना मदत करत नाहीस. दर आठवड्याला परत यायला लावतेस."

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शिकवणीसाठी इमारतीच्या तळमजल्यावरच्या सायकली ठेवायच्या खोलीची किल्ली मीच मिळवून आणली. खरं बोललेलं मला पटतं, फक्त दोन दिवस लागतात.

यंत्रं कशी मिळाली तेही ऐकण्यासारखं आहे. कोपऱ्यावरचं विम्याचं ऑफिस बंद झालं आणि त्यांचे चौदा लॅपटॉप भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढले. मावशी गाडीसमोर जाऊन उभी राहिली. "जिवंत आहेत की मेलेत ते न बघता नेताय कसे?" भंगारवाला म्हणाला, "बाई, हे काय पेशंट आहेत?" मावशी म्हणाली, "हो." गाडी तशीच्या तशी आमच्या दारात आली. तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, म्हणून ते रेडिओकाका. त्यांनी आठवडाभर कुरकुरत सगळे लॅपटॉप उघडले. आठ मेलेले निघाले, आणि त्यांचे सुटे भाग घालून उरलेले सहा जगले. मग लोकांच्या कपाटांतून, ड्रॉवरांतून जुने फोन, टॅब, चार्जर निघायला लागले. इंटरनेट पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलं. त्यांच्याकडे गर्दी झाली की आमचं मंदावतं. वरून कुणी किंचाळलं की आम्ही समजतो, आता पाच मिनिटं धीर धरायचा.

प्रत्येक यंत्रातलं जुन्या मालकाचं सगळं काका पुसून काढतात. पुसून झालं की मावशी त्याच्या कॅमेऱ्यावर जखमेला लावायची गुलाबी चिकटपट्टी लावते. घर मिळेपर्यंत त्याने कुणाकडे बघू नये, असं तिचं म्हणणं. ज्याला यंत्र मिळतं तो ती पट्टी स्वतःच्या हाताने सोलतो आणि त्या क्षणापासून ते त्याचं. लोक अक्षरशः टाळ्या वाजवतात. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढे ती आमचा जीव घेणार आहे.

शिवणआजी आमच्याकडे आल्या त्या सहा आठवड्यांपूर्वी. वय सदुसष्ट, अंगाने काटकुळ्या, चालणं भराभर. बावीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीला होत्या. काम एकच. शिवून आलेल्या प्रत्येक कपड्याच्या शिवणीवरून बोट फिरवायचं आणि कुठे टाचणी राहिली आहे का ते चाचपायचं. "डोळ्याला नाही दिसत हो टाचणी. बोटाला सापडते," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी तेव्हा ते नीट ऐकलंही नव्हतं, कारण माझं लक्ष त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे होतं. त्याचं नख मधोमध चिरलेलं. तरुणपणी मशीनची सुई आरपार गेली होती.

त्यांचं येण्याचं कारण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांची नात, भिंगरी, नऊ वर्षांची. आई दोन वर्षांपूर्वी गेली, बापाने दुसरीकडे संसार थाटला आणि वळून पाहिलं नाही. आजी आजारी पडून हॉस्पिटलात होत्या तेव्हा पोरीला बालगृहात ठेवलं, आणि आजी बऱ्या झाल्या तरी ती तिथेच. आजींना दर दुसऱ्या रविवारी एक तास भेटता यायचं. भिंगरी घरी यावी यासाठी आजींनी अर्ज केला होता. मुलांच्या कार्यालयातल्या बाईंनी घर पाहिलं, तब्येतीचे कागद पाहिले, सगळं ठीक म्हणाल्या. अडलं एकाच ठिकाणी. शाळेचा अभ्यास, सूचना, हजेरी, पालकांच्या सभा, सगळं आता कॉम्प्युटरवर. "तुम्हाला हे जमेल का?" आजींनी खरं सांगितलं, नाही जमत. तेव्हा बाईंनी सहा आठवडे दिले. शेवटची मुलाखत कॉम्प्युटरवरच होईल, आजींनी ती एकटीने जोडायची, खोलीत दुसरं कुणी नको, कुणी सुचवायचं नाही. जमलं तर भिंगरी घरी. नाही जमलं तर पुढची तारीख शाळेच्या सुट्टीनंतर, आणि तोवर पोरीची रवानगी दुसऱ्या शहरातल्या वसतिगृहात.

"बाई, चौथीपर्यंत शिकलेय मी," आजी मावशीला म्हणाल्या, "पण ह्याच्यापुढे मी अंगठेबहाद्दरच. वाघ म्हणा नाहीतर वाघोबा म्हणा, खाणारच आहे मला हा."

"ताई, आधी माझे हात बांधा," मावशी म्हणाली. आजींनी अशी गाठ मारली की रात्री ती सोडवायला मला कात्री घ्यावी लागली!

सहा आठवडे! काय सांगू कशा शिकल्या त्या! पहिल्या आठवड्यात बाण पडद्यावरून पळायचा आणि आजी त्याला "ये रे बाबा" म्हणायच्या. दुसऱ्या आठवड्यात माझ्या फोनवर एक संदेश आला, त्यात फक्त माझं टोपणनाव आणि सतरा पूर्णविराम होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मलाच विचारलं, "तुझ्या पत्रात विषय का नाही लिहिलास?" माझे हात शिवशिवायचे. 'आजी, ते नाही, बाजूचं, बाजूचं!' असं म्हणत मी झेप घ्यायची आणि मावशी स्टुलावरूनच पाय आडवा घालायची. हात बांधलेले असले तरी तिचे पाय मोकळे असतात. काहीही अडलं तर काय बघायचं, त्याचा क्रम मावशीने पाठ करून घेतला होता. वीज, तार, आवाज, चित्र. आजी भाजी चिरतानाही पुटपुटायच्या, वीज, तार, आवाज, चित्र.

आणि मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी, सरावाच्या लॅपटॉपचा पडदा गेला. सहा आठवडे टुकटुक चाललेला, आयत्या वेळी मान टाकली! काका म्हणाले, "मी काय करू? त्याचं वय झालं." मावशीने कपाटातला दुसरा लॅपटॉप काढला, तसाच, त्याच विम्याच्या ऑफिसातला. आजींनी तो सुरू केला, आवाज तपासला, मुलाखतीचा दुवा कुठे आहे ते शोधलं. चित्र तपासायचं म्हटलं तर नेमकं वरून कुणीतरी किंचाळलं आणि इंटरनेट झोपलं. "राहू दे," मावशी म्हणाली, "सकाळी तुम्हीच बघा." गुरुवारी सकाळी आजी अकराच्या मुलाखतीसाठी तासभर आधी येणार होत्या. पण त्यांची बस बंद पडली आणि त्या आल्या अकराला सात मिनिटं कमी असताना, अर्ध्या वाटेपासून चालत.

आजींनी धापा टाकत मावशीचे हात बांधले. आत कुणी येणार नव्हतं, तरी बांधले. रीत ती रीत. मग आत जाऊन दार लावून घेतलं. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच आहे. बाहेर आम्ही तिघं, मावशी, रेडिओकाका आणि मी, काचेला नाक लावून. दाराच्या फटीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

अकरा वाजले. आजींनी दुवा उघडला. 'सामील व्हा' दाबलं. जोडलं गेलं! मी काकांच्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांचा चष्मा खाली आला.

"नमस्कार आजी," आतून कार्यालयातल्या बाईंचा आवाज आला. "तुमचा आवाज छान येतोय. पण चित्र दिसत नाही, सगळं काळं आहे."

आजी दचकल्या नाहीत. मोठ्याने म्हणायला लागल्या, "वीज, आहे. तार, आहे. आवाज, येतोय. चित्र." त्यांनी कॅमेऱ्याचं बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. "आता?"

"कॅमेरा चालू आहे असं दाखवतंय, पण काळंच आहे. घाई करू नका. मी पाच मिनिटं थांबते. चेहरा दिसल्याशिवाय मुलाखत धरता येत नाही, मग मात्र मला पुढची तारीख द्यावी लागेल."

पुढची तारीख म्हणजे काय, ते आम्हा तिघांना पक्कं माहीत होतं.

"पट्टी?" मी मावशीच्या कानात म्हटलं.

"नाही गं, मी काल बघितलं ना. पट्टी नव्हती त्याच्यावर. गुलाबी पट्टी लांबून दिसते."

तेव्हा रेडिओकाका अगदी बारीक आवाजात म्हणाले, "त्या महिन्यात तुमच्या गुलाबी पट्ट्या संपल्या होत्या. मी वायरला गुंडाळायची चिकटपट्टी लावली. काळी."

लॅपटॉपची चौकट काळी. तिच्यावर नखाएवढी काळी पट्टी. मावशी गुलाबी शोधत होती आणि काळी तिच्या डोळ्यांसमोर बसली होती! मी मावशीचा चेहरा पाहिला. गळणाऱ्या जखमा बघून जी कधी हलली नाही, ती पांढरीफटक पडली होती.

मी दाराची मूठ धरली. एक शब्द पुरला असता. एक 'पट्टी' असा शब्द! पण मावशी मध्ये सरकली आणि पाठ दाराला लावून उभी राहिली. बांधलेले हात दारावर, डोळे माझ्यावर.

"बाजूला हो," मी कुजबुजले.

"आत गेलीस तर त्या नापास. मुलाखत तिथल्या तिथे संपेल."

"आणि नाही गेले तर? चूक तुझी आणि पोर जाणार त्यांची!"

हे मी बोलले. मला त्याची लाज वाटते, पण बोलले. "माझीच चूक आहे," मावशी म्हणाली. "म्हणून तर आपण बोलायचं नाही. त्यांना जे येतं ते त्यांना करू दे." आणि पाठीमागे तिची मनगटं नाड्यांना हिसके देत होती, ते मला दारावरच्या आवाजावरून कळत होतं. तेहतीस वर्षांचे हात होते ते. मी मूठ सोडली, पण खरं सांगते, मनातून सोडली नव्हती.

मग मावशीही काचेकडे वळली. बाईंचा आवाज आला, "आजी, दोन मिनिटं राहिली."

आजींनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं, रडणार आता. पण त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि उजव्या हाताचं पहिलं बोट लॅपटॉपच्या चौकटीवर ठेवलं. खालच्या कडेवरून सावकाश नेलं. मग उजवीकडून वर. कपड्याच्या शिवणीवरून न्यावं तसं, ना दाबून, ना उचलून. वरच्या कडेवर बोट अर्ध्यापर्यंत आलं आणि थांबलं. मागे गेलं. पुन्हा आलं, पुन्हा तिथेच थांबलं.

काकांनी माझा दंड इतका आवळला की तो अजून दुखतो.

आजींनी अंगठ्याचं नख घातलं. चिरलेलं नख कोपऱ्यात बरोबर अडकलं आणि पट्टी सुटली.

पलीकडे काय दिसलं असेल ते आम्हाला दिसत नव्हतं. पण बाईंच्या आधी एक दुसराच आवाज त्या लॅपटॉपमधून फुटला, इतका मोठा की काच थरथरली.

"आजीचा अंगठा! हा माझ्या आजीचा अंगठा आहे!"

भिंगरी! तिचं म्हणणंही नोंदवायचं म्हणून बाईंनी तिला शेजारी बसवून ठेवलं होतं आणि गप्प राहायला बजावलं होतं. ती तोवर एका काळ्या चौकोनाकडे बघत बसली होती. मग तो सगळा चौकोन भरून एक चिरलेल्या नखाचा अंगठा आला. लहानपणापासून ज्याला धरून ती झोपली, तोच.

आजी कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या, रडत होत्या आणि तरीही म्हणत होत्या, "चित्र, आहे. हां बाई, विचारा आता."

बाईंनी विचारलं. शाळेची सूचना कुठे बघाल? आजींनी उघडून दाखवली. अभ्यास जोडून कसा पाठवाल? पाठवून दाखवला. शेवटी बाई म्हणाल्या, "मगाशी तुम्हाला कुणी काही सुचवलं का?"

"छे हो," आजी म्हणाल्या, "बघा ना, सगळे बाहेर आहेत." आणि त्यांनी आख्खा लॅपटॉप उचलून दाराकडे वळवला. म्हणजे सरकारी कामासाठी बसलेल्या एका बाईंना काचेतून काय दिसलं असेल? हात मागे बांधलेली एक बाई, गालांवरून पाण्याच्या धारा, पुसायची सोय नाही, आणि तिच्या शेजारी दोन माणसं वेड्यासारखी उड्या मारताहेत. बाई म्हणाल्या, "आजी, ते सगळे ठीक आहेत ना?"

"एकदम ठीक. शिकवतात आम्हाला."

निकाल बाईंनी तेव्हाच सांगितला. कागद शुक्रवारी, भिंगरी शनिवारी. मी आरोळी ठोकली आणि वर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे कुणाचा तरी दात बहुधा आपोआप पडला असेल.

आजी बाहेर आल्या, मावशीच्या मागे गेल्या आणि गाठ सोडवायला लागल्या. हिसक्यांनी मनगटं लाल झाली होती. मावशी म्हणाली, "ताई, चूक माझी होती. पट्टी मी बघायला हवी होती."

"असू द्या हो," आजी म्हणाल्या. "टाचणी राहतेच कुठेतरी. म्हणून तर शेवटी तपासायला माणूस ठेवतात." आणि त्यांनी मावशीच्या मनगटांवर हळूहळू बोट फिरवलं, कुठे सोललं आहे का बघायला.

त्याच दिवशी काकांनी मावशीच्या क्रमात सुरुवातीला एक शब्द वाढवून भिंतीवर लावला. बोट, वीज, तार, आवाज, चित्र. काळ्या चिकटपट्टीचं रीळ मी स्वतः जप्त केलं आहे.

शनिवारी दुपारी आजी भिंगरीला घेऊन थेट खोलीवर आल्या, पोरीच्या पाठीवर अजून पिशवी. आणि तेवढ्यात लॅपटॉप वाजला. शाळेचा पहिला निरोप, सोमवारी येणार का ते कळवा. भिंगरी नावाप्रमाणे गर्रकन फिरली आणि कळफलकाकडे झेपावली. "दे आजी, मी करते, मला पटकन येतं!"

"हात मागे," आजी म्हणाल्या.

मावशीने आणि मी एकमेकींकडे पाहायचं टाळलं. भिंगरीने हिरमुसून हात मागे घेतले. मग जरा वेळाने विचारलं, "आणि अंगठा धरला तर?"

आजी म्हणाल्या, "अंगठा चालेल."

तिने आजींचा उजवा अंगठा मुठीत घट्ट धरला आणि सोडलाच नाही. मग डाव्या हाताच्या एका बोटाने शाळेला चार शब्दांचं उत्तर लिहायला आजींना पाऊण तास लागला. आम्ही कुणीही मदत केली नाही.